प्रिंट केलेल्या डब्ल्यूई४३ला टी-६ दिल्यावर ताकद उतरते आणि तन्यताही येत नाही: दोष कुठे शोधायचा

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. लेझर पावडर बेड मशीनवर डब्ल्यूई४३ या मॅग्नेशियम मिश्रधातूचा जॉब प्रिंट केला आणि हँडबुकातली टी-६ ही हीट ट्रीटमेंट दिली: ५२५ अंश सेल्सिअसला ८ तास (सोकिंग किंवा सोल्यूशनायझिंग), क्वेंच (झटपट गार करणे), मग २५० अंशांना १६ तास (एजिंग). टेस्ट बार ओढला तर यील्ड (ज्या ताणाला बार कायमचा लांबू लागतो तो) भट्टीत न गेलेल्या बारपेक्षा खाली, आणि इलाँगेशन (तुटेपर्यंत बार किती टक्के लांबला, म्हणजेच तन्यता) होते तिथेच किंवा त्याहूनही कमी. पुढच्या खेपेला तापमान दहा अंशांनी वाढवले जाते, त्याच्या पुढच्या खेपेला वेळ वाढवली जाते, आणि बार दरवेळी आणखी लवकर तुटतो.

या चक्रात माझा पुण्यातला एक अख्खा पावसाळा गेला आहे. आम्ही भट्टीचे कंट्रोलर तपासले, थर्मोकपल बदलले, क्वेंचच्या पाण्याचे तापमान बदलून पाहिले. शेवटी तुटलेल्या बारचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नीट पाहिला तेव्हा कारण सापडले, आणि ते पावडरच्या डब्यात होते. भट्टीकडे मी अनेकांच्या मानाने उशिरा वळतो, ते त्या पावसाळ्यापासून. खालचा क्रमही तसाच लावला आहे.

हँडबुकातली कृती ओतीव धातूसाठी आहे

साच्यात ओतलेले डब्ल्यूई४३ सावकाश थिजते. ग्रेन (धातूतले स्फटिककण) दहा-वीस किंवा त्याहून जास्त मायक्रॉनचे होतात आणि त्यांच्या कडांवर यिट्रियम-निओडिमियमने भरलेला जाड थर साचतो. हा थर विरघळवून त्यातली मूलद्रव्ये ग्रेनच्या पोटात पसरवायची, म्हणून ५२५ अंश आणि ८ तास. नंतर २५० अंशांना तीच मूलद्रव्ये बारीक पट्ट्यांच्या रूपात बाहेर येतात आणि ताकद वाढवतात.

प्रिंट केलेला जॉब मुळातच वेगळ्या स्थितीत असतो. लेझरखालचा मेल्ट पूल (वितळलेल्या धातूचे छोटे डबके) सेकंदाला लाख ते दहा लाख अंश या वेगाने थंड होतो. ग्रेन बारीक राहतात, काही भागांत तर मायक्रॉनभराचेच. पुष्कळसे यिट्रियम आणि निओडिमियम आधीच ग्रेनमध्ये अडकलेले असते, आणि जे बाहेर राहते तेही मायक्रॉनहून कमी जाडीच्या जाळीत. शिवाय डिसलोकेशनची (स्फटिकरचनेतल्या रेषेसारख्या दोषांची) दाटी आणि अंतर्गत ताण असतात. यातली ताकद बरीचशी बारीक ग्रेनची आणि डिसलोकेशनची कमाई आहे. ८ तासांच्या सोकिंगमध्ये डिसलोकेशन निघून जातात, ग्रेन वाढतात आणि ही कमाई हातची जाते. एजिंगने मिळणारी वाढ तेवढी भरपाई करत नाही, म्हणून यील्ड खाली येते.

नुकसान किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. मॅग्नेशियमची षट्कोनी रचना ग्रेनच्या आकाराबाबत फार संवेदनशील आहे. ग्रेन आणि ताकद यांचे नाते सांगणाऱ्या हॉल-पेच समीकरणातला (गुणांक भागिले ग्रेनच्या आकाराचे वर्गमूळ) त्याचा गुणांक टेक्श्चरप्रमाणे, म्हणजे ग्रेन कोणत्या दिशेला वळलेले आहेत त्याप्रमाणे, बदलतो, पण सोयीसाठी २५० धरू (मेगापास्कल गुणिले मायक्रॉनचे वर्गमूळ). ४ मायक्रॉनच्या ग्रेनमुळे मिळणारा वाटा १२५ मेगापास्कल. ग्रेन २० मायक्रॉनचे झाले की तोच वाटा ५६ उरतो. एका सोकिंगमध्ये सत्तरेक मेगापास्कल गेले.

आधी भट्टीत न गेलेला बार ओढा

हे पुष्कळदा केलेलेच नसते. त्याच बिल्डमधले किमान तीन बार काहीही उष्णतोपचार न देता ओढा. त्यांचेच इलाँगेशन दोन-तीन टक्क्यांवर अडले असेल आणि तुटलेल्या पृष्ठभागावर पापुद्रे किंवा न वितळलेले कण दिसत असतील, तर प्रश्न हीट ट्रीटमेंटचा नाही. कोणतेही तापमान तो सोडवणार नाही.

पापुद्रे म्हणजे यिट्रियम ऑक्साइड. यिट्रियमला ऑक्सिजनची ओढ मॅग्नेशियमपेक्षाही जास्त असते. पावडरच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पातळ थर असतोच. मेल्ट पूलमध्ये तो फुटतो आणि त्याचे तुकडे धातूत अडकतात. यिट्रियम ऑक्साइड वितळते २४०० अंशांच्या वर, त्यामुळे ५२५ अंशांना ते हलतसुद्धा नाही. त्याचे तीन परिणाम एकदम होतात. पापुद्र्याच्या कडेला भेग सुरू होते आणि तन्यता जाते. जे यिट्रियम ऑक्साइडमध्ये गेले ते एजिंगला मिळत नाही, म्हणून एजिंगचा प्रतिसाद कमजोर पडतो. आणि हे तुकडे जिथे दाट असतात तिथे ग्रेनच्या कडा अडवून धरतात, जिथे विरळ असतात तिथे ग्रेन मोकळे वाढतात. सोकिंगनंतर मायक्रोस्कोपखाली बारीक आणि मोठ्या ग्रेनची खिचडी दिसते ती बहुधा यामुळे.

पावसाळ्याचा संबंध इथे येतो. उघड्या राहिलेल्या किंवा वारंवार वापरलेल्या पावडरवर ओलाव्यामुळे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होते. शे-सव्वाशे अंशांना पावडर सुकवली की पृष्ठभागावरचे पाणी जाते, पण हायड्रॉक्साइड तसेच राहते, कारण ते मोडायला साडेतीनशे अंशांच्या आसपास तापमान लागते. लेझरखाली ते मोडते. त्यातल्या पाण्याचा ऑक्सिजन धातू घेतो आणि हायड्रोजन छिद्रे करतो. म्हणजे ‘आम्ही पावडर सुकवली होती’ हे उत्तर पुरेसे नाही. डबा कधी उघडला, किती वेळ उघडा होता, त्यात जुनी पावडर किती मिसळली, हे लिहून ठेवा. शंका असेल तर पावडरचा ऑक्सिजन मोजून घ्या आणि नव्या सीलबंद डब्यातून एक बिल्ड करून तुलना करा. सगळ्या तपासण्यांत हीच मला सर्वांत कामाची वाटते, आणि हीच सर्वांत जास्त वेळा टाळली जाते, कारण पावडर महाग आहे.

घनताही पाहा. आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजताना पाण्याऐवजी इथेनॉल घ्या, पाण्यात मॅग्नेशियमवर बुडबुडे येऊन आकडा चुकतो. डब्ल्यूई४३ची पूर्ण घनता १.८४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरा. पण केवळ टक्केवारीवर विसंबू नका. ९९.५ टक्के घनतेतले अर्धा टक्का छिद्र गोल आणि विखुरलेले असेल तर चालून जाते. तेच दोन थरांच्या मधल्या चपट्या फटींच्या रूपात असेल तर उभा प्रिंट केलेला बार लगेच तुटतो. बार कापून, पॉलिश करून डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

सोकिंग: वेळ कमी करा, तापमान वाढवू नका

कच्चा, म्हणजे भट्टीत न गेलेला, बार चांगला निघाला तरच पुढे जा.

विरघळायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ओतीव धातूत मूलद्रव्यांना वीसेक मायक्रॉन प्रवास करायचा असतो, प्रिंटमध्ये मायक्रॉनभर. अंतर वीसपट कमी म्हणजे वेळ चारशेपट कमी. ८ तासांचे काम कागदावर मिनिटभरात होते! प्रत्यक्षात जॉब तापायला वेळ लागतो आणि मेल्ट पूलच्या सीमांवर थोडे जाड कणही असतात, म्हणून मी सुरुवात अर्ध्या तासाने करतो, मग एक तास, मग दोन. प्रत्येक वेळी एक तुकडा कापून पाहायचा: जाळी गेली का, आणि ग्रेन किती वाढले? जाळी गेली की थांबायचे. आठ तासांपर्यंत जायची गरज मला लागलेली नाही.

तापमान वाढवण्याचा मोह मात्र धोक्याचा आहे. डब्ल्यूई४३ वितळायला सुरुवात होते सुमारे ५४० अंशांना. ५२५वर तुमच्या हाती पंधराच अंश आहेत. भट्टीची एकसमानता अधिक-उणे १४ अंशांची असेल तर एक कोपरा कडेवरच उभा आहे. या कामाला अधिक-उणे ६ची भट्टी हवी, ३ची असेल तर उत्तम. शिवाय प्रिंटिंगमध्ये मॅग्नेशियम उडून जाते (ते १०९१ अंशांना उकळते आणि मेल्ट पूल त्याच्याही वर जातो), त्यामुळे जॉबमध्ये रेअर अर्थचे (यिट्रियम, निओडिमियम वगैरेंचे) प्रमाण पावडरपेक्षा किंचित जास्त भरू शकते. रासायनिक विश्लेषण पावडरचे नको, जॉबचे करून घ्या. ग्रेनच्या कडांवर गोलसर थिजलेले थेंब किंवा तीन ग्रेन मिळतात तिथे काळी पोकळी दिसली तर कडा वितळल्या होत्या. तो बार आता कशानेच सुधारत नाही.

व्हॅक्यूम भट्टी वापरली का?

टायटॅनियमचे काम करणाऱ्या दुकानांत ही चूक अगदी सहज होते. व्हॅक्यूम म्हणजे स्वच्छ, ऑक्साइड नाही, असे गृहीत धरून मॅग्नेशियम चार्ज केले जाते. पण ५०० अंशांना मॅग्नेशियमचा बाष्पदाब सुमारे १० पास्कल असतो. चांगल्या व्हॅक्यूममध्ये त्या तापमानाला घन मॅग्नेशियम सरळ वाफ होऊन जाते. जॉबचा पृष्ठभाग खरखरीत आणि दहिवर पडल्यासारखा होतो, जाळीदार इम्प्लांटच्या काड्या बारीक होतात, आणि क्षेत्रफळ जुनेच धरून काढलेली ताकद उगाच कमी दिसते. भट्टीत घालण्यापूर्वी आणि बाहेर काढल्यावर जॉबचे वजन करा. वजन घटले असेल तर हेच कारण.

ही वाफ भट्टीच्या थंड भिंतींवर अतिशय बारीक मॅग्नेशियम होऊन बसते. दार उघडताना हवा लागून ते पेट घेऊ शकते. तसा चंदेरी-करडा थर दिसला तर झाडू किंवा ब्लोअर लावू नका. जाणकार माणसाला बोलवा.

उपाय सोपा आहे. व्हॅक्यूम फक्त हवा काढण्यापुरता, गार भट्टीत. मग शुद्ध कोरडा आर्गॉन वातावरणाच्या थोड्या वरच्या दाबाने भरायचा आणि त्यानंतर तापवायचे.

व्हॅक्यूमचा दुसराही तोटा आहे. प्रिंटमधल्या छिद्रांत आर्गॉन कोंडलेला असतो आणि आर्गॉन धातूत विरघळत नाही. धातू थिजला तेव्हा त्याचा दाब साधारण वातावरणाइतका होता, म्हणून साध्या आर्गॉन भट्टीत ५२५ अंशांना आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा राहतो आणि छिद्र फुगत नाही. बाहेर व्हॅक्यूम असेल तर मऊ झालेल्या धातूत ते फुगते. पृष्ठभागावर फोड दिसले तर हे आठवा.

हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग (गरम जॉबला सर्व बाजूंनी गॅसचा दाब देणे) केलेल्या जॉबवर फोड येतात त्यामागे याचाच उलटा प्रकार असतो. शंभर मेगापास्कलच्या आसपासच्या दाबाने छिद्र मिटते, पण आतला आर्गॉन कुठेही जात नाही. तो दाबून बारीक जागेत बसतो. नंतर तोच जॉब साध्या भट्टीत ५२५ अंशांना नेला की तो पुन्हा जागा करून घेतो. म्हणून प्रेसिंग आणि सोल्यूशनायझिंग एकाच फेरीत, दाबाखालीच जलद थंड करून उरका, आणि त्यानंतर फक्त एजिंग करा. तशी जलद थंड करणारी यंत्रणा नसेल तर प्रेसिंगचा फायदा टिकेल याची मी खात्री देणार नाही.

क्वेंच सुटला की एजिंग फसते

आर्गॉन भट्टीत सोकिंग झाले आणि जॉब भट्टीसोबतच गार होऊ दिला, असे विचारल्यावर कळते. सावकाश गार होताना यिट्रियम-निओडिमियम पुन्हा ग्रेनच्या कडांवर जाऊन बसते, आणि एजिंगसाठी ग्रेनच्या पोटात काही उरत नाही. ओळखायचे कसे? सोकिंगनंतर आणि एजिंगनंतर अशी दोनदा हार्डनेस घ्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर क्वेंच पाहा. आर्गॉनचा जोरदार झोत किंवा साठ-ऐंशी अंशांचे गरम पाणी, दोन्ही चालतात. थंड पाण्याने पातळ आणि जाड भाग जोडलेले जॉब वाकतात.

एजिंग: हार्डनेसचा आलेख काढल्याशिवाय १६ तास देऊ नका

डब्ल्यूई४३मध्ये एजिंगला तयार होणाऱ्या पट्ट्या षट्कोनी रचनेच्या उभ्या प्रतलांवर बसतात. मॅग्नेशियममध्ये घसरण मुख्यतः तळाच्या प्रतलावर होते, आणि या पट्ट्या तिच्या आड भिंतीसारख्या उभ्या राहतात. म्हणून थोड्या पट्ट्याही बरेच काम करतात. एझेड९१ या अ‍ॅल्युमिनियम-जस्त असलेल्या मॅग्नेशियम मिश्रधातूमध्ये पट्ट्या तळाच्या प्रतलालाच समांतर आडव्या पडतात आणि घसरण त्यांच्या मधून निघून जाते. त्या मिश्रधातूत एजिंगने फार मिळत नाही ते यामुळे.

प्रिंटमधल्या डिसलोकेशनवर पट्ट्यांना सुरुवातीच्या जागा आयत्या मिळतात. त्यामुळे सोकिंग न करता सरळ एजिंग केले, म्हणजे टी-५ दिली, तर हार्डनेसचे शिखर १६ तासांच्या आधीच येऊ शकते, आणि १६ तासांपर्यंत जॉब उताराला लागलेला असतो. एकाच बिल्डमधले लहान तुकडे घ्या. २०० आणि २५० अंशांना अर्धा, १, २, ४, ८, १६, ३२ तास ठेवा आणि आलेख काढा. दोन दिवसांचे काम आहे, आणि दोन महिने वाचवते.

एक गोष्ट हमखास निसटते. बिल्ड प्लेटवरून कापण्याआधी ताण काढण्यासाठी जॉब २५० ते ३०० अंशांना ठेवला जातो. डब्ल्यूई४३साठी हे एजिंगच आहे, आणि ३०० अंशांना तर ओव्हरएजिंग, म्हणजे हार्डनेसच्या शिखरापलीकडे जाणे! प्रोसेस शीटवर त्याचे नाव ‘स्ट्रेस रिलीफ’ असते म्हणून तो वेळ कोणी मोजत नाही. टी-५ करणार असाल तर दोन्ही एकत्र करा: प्लेटवर असतानाच ठरलेले एजिंग द्या आणि मग कापा.

आता निवड. ताकद हवी असेल तर आधी टी-५ पाहा, पण तन्यता काहीशी जाईल हे मान्य करून. तन्यता हवी असेल तर छोटे सोकिंग आणि जलद क्वेंच, एजिंग नाही. दोन्हींच्या मधले काही हवे असेल तर छोट्या सोकिंगनंतर अर्धवट एजिंग. हाडे जोडणाऱ्या आणि कालांतराने शरीरात विरघळणाऱ्या स्क्रूंसाठी या घराण्यातल्या मिश्रधातूंकडे लोक वळले (मॅग्नेझिक्स स्क्रूला युरोपात सीई मान्यता मिळाली २०१३मध्ये, ते प्रिंट केलेले नाहीत). अशा कामात मी तन्यतेच्या बाजूने झुकतो, कारण बसवताना तुटलेला स्क्रू कोणत्याही ताकदीच्या आकड्याने भरून निघत नाही.

मिश्रधातू दुसरा असेल तर

एझेड९१ प्रिंट करणाऱ्यांनी वरचे तापमानाचे आकडे घेऊ नयेत. त्यातला अ‍ॅल्युमिनियमचा युटेक्टिक (दोन धातूंचे सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण) ४३७ अंशांना वितळतो आणि जस्तामुळे आणखी खाली येऊ शकतो. सोल्यूशनायझिंग ४१५च्या आत, आणि २६० अंशांपासून पुढे दोनेक तास घेऊन हळूहळू चढवायचे. ओतीव एझेड९१सीचे हँडबुकातले आकडे बोलके आहेत: कच्च्या अवस्थेत इलाँगेशन अडीच टक्के, टी-४ला (सोकिंग आणि क्वेंच, एजिंग नाही) १५, टी-६ला ६, यील्ड अनुक्रमे ९५, ९० आणि १४५ मेगापास्कलच्या आसपास. तन्यता टी-४मध्ये आहे हे यातूनच दिसते.

वायर आणि आर्कने एझेड३१ (तीन टक्के अ‍ॅल्युमिनियमचा मॅग्नेशियम मिश्रधातू) चढवणारे विचारतात की टी-६ने काही फरक का पडत नाही. एवढ्या अ‍ॅल्युमिनियममध्ये एजिंग करण्यासारखे फारसे काही नसते. त्याला ताण काढणे किंवा ३४५ अंशांच्या आसपास अ‍ॅनीलिंग, इतकेच.

भट्टीत जॉब कशाला टेकला आहे

५२५ अंशांना मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमला, तांब्याला किंवा निकेलला टेकले तर सांध्यावर द्रव तयार होऊ शकतो. मॅग्नेशियम-निकेलचा युटेक्टिक ५०५ ते ५१५ अंशांच्या दरम्यान आहे, तांब्याचा त्याहून खाली, अ‍ॅल्युमिनियमचा तर ४३७. म्हणजे तांब्याची तार, इनकोनेलचा ट्रे आणि उघड्या टोकाचा के-टाइप थर्मोकपल (त्याच्या दोन्ही तारा निकेलच्याच मिश्रधातूच्या असतात) जॉबला लावू नका. साध्या पोलादाचा स्वच्छ ट्रे घ्या. लोखंड मॅग्नेशियममध्ये जवळजवळ विरघळत नाही. ट्रे गंजलेला किंवा पापुद्रे सुटलेला नको, कारण लोखंडाचे ऑक्साइड आणि वितळलेले मॅग्नेशियम यांची प्रक्रिया भयंकर उष्णता देते. नायट्रेटच्या सॉल्ट बाथमध्ये मॅग्नेशियम कधीही बुडवू नका, स्फोट होतो. जाळीदार जॉबमधली सुटी पावडर पूर्ण झटकून, शक्य तर हलका अ‍ॅसिड वॉश देऊन, नीट वाळवूनच भट्टीत घाला. पेटलेच तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. दोन्हींनी आग वाढते. डी वर्गाची कोरडी पावडर भट्टीजवळ हाताशी असलीच पाहिजे. हे सगळे मी आवर्जून लिहितो, कारण लहान दुकानांत एकच भट्टी सकाळी अ‍ॅल्युमिनियमला आणि दुपारी मॅग्नेशियमला लावली जाते.

बार कोणत्या दिशेने ओढला

प्रिंट केलेल्या मॅग्नेशियममध्ये ग्रेनची दिशा बिल्डच्या दिशेशी जोडलेली असते, आणि सोकिंगने ती पूर्ण पुसली जात नाही. आडवा प्रिंट केलेला कच्चा बार आणि उभा प्रिंट केलेला टी-६ बार यांची तुलना करून निष्कर्ष काढलेले मी पाहिले आहेत. दोन्ही दिशांचे बार, प्रत्येक अवस्थेत किमान तीन, आणि सगळे मशीनिंग केलेले ठेवा. न घासलेल्या बारच्या पृष्ठभागावर अर्धवट चिकटलेले कण खाचेसारखे काम करतात.

एवढे करूनही नव्या डब्यातल्या पावडरचा कच्चा बार तीन टक्क्यांच्या पुढे जात नसेल, तर भट्टी बंद ठेवा आणि प्रिंटरच्या गॅस फ्लोकडे जा. मॅग्नेशियमचा धूर फार होतो. प्रवाह कमजोर असेल तर तो धूर काजळी होऊन बेडवर परत बसतो आणि पुढच्या थरात पुरला जातो. प्लेटच्या ज्या बाजूने गॅस आत येतो तिथला एक आणि बाहेर जातो तिथला एक, असे दोन बार शेजारी ठेवून ओढा. दोन्हींत फरक दिसला तर आधी तो दुरुस्त करायचा.